ओळ काढण्याआधी: ड्रायव्हर साफ करायला बसलेल्या भाचीला कानमंत्र

पोरी, लिनक्स कर्नलच्या नेटवर्क ड्रायव्हरांची साफसफाई हाती घेतलीस हे ऐकून फार बरं वाटलं. जास्तीची ओळ शोधायची, खोडायची आणि पॅच पाठवायचा, एवढंच हे काम आहे असं तुला पहिल्या आठवड्यात वाटेल. खरा कस लागतो तो दोन प्रश्नांची उत्तरं देताना: ही ओळ तेव्हा का आली, आणि आता ती का लागत नाही? दोन्ही उत्तरं हातात असतील तर बिनधास्त काढ. एकच असेल तर थांब, चहा घे आणि दुसरं शोध.

आधी ओळख करून घे

1. एकच ड्रायव्हर निवड आणि प्रोबपासून रिमूव्हपर्यंत सलग वाचून काढ — जास्तीची ओळ एका फंक्शनमध्ये एकटी पाहून कळत नाही, तिची जोडीदारीण बहुतेकदा फाइलच्या दुसऱ्या टोकाला असते.

2. हात लावण्याआधी ‘गिट ब्लेम’ चालव आणि ओळ ज्या कमिटमधून आली त्याचा मजकूर शेवटपर्यंत वाच — लिहिणारा शहाणा होता असं धरून चाललं की त्याचं कारण लवकर सापडतं. डिलीटच्या बोटाआधी ब्लेमचा डोळा.

3. फाइलचा इतिहास 2011 पाशी संपल्यासारखा दिसला तर ‘गिट लॉग’ला ‘फॉलो’चा पर्याय जोड — त्या वर्षी इथरनेटचे ड्रायव्हर कंपनीवार फोल्डरांत हलवले गेले, आणि नुसता लॉग त्या वळणापलीकडे जात नाही.

4. शोध घेत घेत एप्रिल 2005 च्या पहिल्या कमिटवर येऊन पोहोचलीस तर ‘कारण सापडत नाही’ म्हणून मोकळी होऊ नकोस — कर्नलचा गिटमधला इतिहास तिथून सुरू होतो. त्याआधीची कारणं जुन्या चर्चांत आणि चिपच्या डेटाशीटमध्ये असतात.

5. डेटाशीट मिळाली तर चिपमधल्या ज्ञात दोषांचं प्रकरण सगळ्यात आधी वाच — विचित्र दिसणारी ओळ बरेचदा चिपच्या एखाद्या दोषाला वळसा घालत असते.

6. शंका आली की शेजारच्या दोन-तीन ड्रायव्हरांत तेच काम कसं केलंय ते बघ, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नकोस — ड्रायव्हर एकमेकांवरून उतरवलेले असतात, त्यामुळे एकाचा गैरसमज दहा ठिकाणी सापडतो.

हे बिनघोर काढावं

जास्तीचा कोड कुणाच्या आळसातूनच येतो असं समजू नकोस. ड्रायव्हर जे काम स्वतः करायचे ते कर्नलचा गाभा एकेक करून आपल्याकडे घेत जातो, पण जुन्या ड्रायव्हरला ते कुणी कळवत नाही. मग आमटीत दोघी मीठ घालतात. तुझं काम हे दुसरं मीठ ओळखण्याचं.

7. ‘केफ्री’च्या आधी पॉइंटर रिकामा आहे का हे तपासणारा ‘इफ’ दिसला तर काढ — ‘केफ्री’ला रिकामा पॉइंटर दिला तर ते गुपचूप परत येतं, हे त्याच्या करारातच आहे.

8. ‘डेव्ह_पुट’ आणि ‘डेव्ह_होल्ड’भोवतीचा तसाच ‘इफ’ही जाऊ दे, पण कोणत्या आवृत्तीवर काम करतेयस ते बघून — ही सवलत त्यांना 2021 मध्ये मिळाली, त्याआधीच्या कर्नलवर तोच ‘इफ’ जीव वाचवतो.

9. ‘डीएमए_अलॉक_कोहेरंट’ने मेमरी घेतल्यावर लगेच ‘मेमसेट’ने शून्य भरलेलं दिसलं तर ते काढ — 2019 च्या 5.0 आवृत्तीपासून ती मेमरी शून्य भरूनच मिळते. मात्र तीच मेमरी रीसेटनंतर पुन्हा वापरताना केलेला ‘मेमसेट’ वेगळा, त्याला हात लावू नकोस.

10. रिमूव्हच्या शेवटी ‘पीसीआय_सेट_ड्रव्हडेटा’ला रिकामा पॉइंटर दिलेला असेल तर ती ओळ जाऊ दे — ड्रायव्हर सुटल्यावर तो पॉइंटर पुसण्याचं काम 2012 पासून डिव्हाइसचा गाभाच करतो.

11. ‘प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू’ फसल्यावर ड्रायव्हरने छापलेला निरोप काढ, पण चूक परत पाठवणारी ओळ ठेव — 2019 पासून ते फंक्शन स्वतःच तक्रार छापतं. लॉगमध्ये एकच रडगाणं दोनदा नको.

12. मेमरी मिळाली नाही म्हणून ड्रायव्हरने छापलेली ओळही तशीच — मेमरी वाटणारा विभाग त्याआधी स्टॅकसकट सविस्तर निरोप छापतो, आणि ‘चेकपॅच’ही ती ओळ दाखवून देतो.

13. 64 बिटांचा डीएमए मास्क फसला तर 32 बिटांचा मागून बघणारा जुना तुकडा सापडला की काढ — 64 मागणं म्हणजे ‘मला कुठलाही पत्ता चालेल’ असं सांगणं. तेही फसलं तर 32 मिळण्याची आशाच नाही.

14. ‘फ्री_नेटडेव्ह’च्या लगेच आधी ‘नेटिफ_नॅपी_डेल’ बोलावलेलं असेल तर ते जास्तीचं आहे — ‘फ्री_नेटडेव्ह’ आपल्या यादीतल्या सगळ्या नॅपी स्वतः काढतं. नॅपी थांबवणारी ‘डिसेबल’ची ओळ मात्र तुझ्याच गळ्यात, ती तुझ्यासाठी कुणी करत नाही.

15. एमटीयू बदलताना ड्रायव्हर स्वतः किमान-कमाल मर्यादा तपासत असेल, तर ती तपासणी काढण्याआधी त्याच मर्यादा प्रोबमध्ये ‘मिन_एमटीयू’ आणि ‘मॅक्स_एमटीयू’त भरल्यात ना ते बघ — 2016 च्या बदलापासून गाभा या दोन आकड्यांवरून तपासतो, आणि कुणी भरलं नाही तर इथरनेटला 68 आणि 1500 हेच धरतो.

16. कर्नलच्या आतल्या ड्रायव्हरला स्वतःचा आवृत्ती क्रमांक असेल तर त्याला निरोप दे — 2020 पासून ‘इथटूल’ अशा ड्रायव्हरसाठी कर्नलचाच क्रमांक दाखवतं. ड्रायव्हरमधला क्रमांक वर्षानुवर्षं कुणी वाढवत नाही आणि तक्रार तपासणाऱ्याची दिशाभूल करतो.

17. काढण्याचा कमिट कसा लिहावा हे शिकायचं असेल तर 2023 मध्ये नेटवर्क ड्रायव्हरांतून पीसीआय एक्सप्रेसची त्रुटी-सूचना चालू करणाऱ्या ओळी काढल्या गेल्या, ते पॅच वाच — गाभा हे काम आता कोणत्या कमिटपासून करतो तेही त्यांत आहे, आणि या बदलाचा परिणाम कुठे थांबतो तेही आहे.

हे जास्तीचं दिसतं, पण नसतं

इथे सावकाश, बाई. हार्डवेअरशी बोलणारा कोड वाचताना साध्या प्रोग्रामची नजर पुरत नाही.

18. रजिस्टरमध्ये लिहिल्यावर लगेच दुसरं रजिस्टर वाचलंय आणि वाचलेलं कुठेच वापरलं नाही, असं दिसलं तर ते तसंच राहू दे — पीसीआयवरचं लिखाण वाटेतल्या ब्रिजमध्ये रेंगाळू शकतं, वाचन त्याला पुढे ढकलतं. इंटेलच्या ई1000 ड्रायव्हरमध्ये ‘राइट_फ्लश’ म्हणून स्टेटस रजिस्टर वाचतात ते याचसाठी.

19. ‘वाचलं पण वापरलं नाही’ अशी कंपायलरची तक्रार घालवायला वाचनच उडवू नकोस — काही रजिस्टरं वाचली की साफ होतात. ई1000 मधलं इंटरप्टचं कारण सांगणारं रजिस्टर तसंच आहे. ते न वाचणं म्हणजे इंटरप्ट तसाच लटकत ठेवणं.

20. पाठवण्याची रांग थांबवल्यावर रिंगमध्ये जागा आहे का हे पुन्हा तपासलेलं दिसेल. ती दुसरी तपासणी पहिलीची नक्कल नाही — दोन्हींच्या मधल्या क्षणी दुसऱ्या सीपीयूने जागा मोकळी केली असेल आणि रांग चालूच समजून तिला जागं केलं नसेल, तर रांग कायमची झोपते. जे दोनदा दिसतं, ते दोनदा होतंच असं नाही.

21. डोअरबेल वाजवण्याआधीचा मेमरी बॅरिअर ‘काढला तरी चालतंय’ म्हणून काढू नकोस — तुझ्या एक्स86 लॅपटॉपवर चालेल आणि एआरएमच्या बोर्डावर महिन्यातून एकदा पॅकेट बिघडेल, तेव्हा शोधणारा रडकुंडीला येईल.

22. ‘एलई32_टू_सीपीयू’सारखी रूपांतरं लिटल एंडियन मशीनवर काहीच करत नाहीत, म्हणून ती फुकटची समजू नकोस — बिग एंडियन मशीनवर तीच आकडे सरळ करतात. ‘स्पार्स’ चालवलंस तर ते या जागा बोट दाखवून सांगतं.

23. रीसेटनंतरचा काही मायक्रोसेकंदांचा थांबा डेटाशीटमध्ये शोध आणि सापडेपर्यंत राहू दे — चिपला शुद्धीवर यायला लागणारा वेळ कोडमध्ये कुठेच दिसत नाही, फक्त त्या आकड्यात असतो.

24. ‘डेव्हएम’ची आपोआप आवरणारी फंक्शनं आणून रिमूव्ह लहान करायचा मोह होईल, तेव्हा सोडण्याचा क्रम कागदावर मांड — हाताने सोडलेल्या गोष्टी रिमूव्हमध्येच जातात आणि ‘डेव्हएम’च्या त्यानंतर. ‘फ्री_नेटडेव्ह’ हाताने आणि इंटरप्ट ‘डेव्हएम’ने सोडलास तर मधल्या फटीत आलेला इंटरप्ट मेलेल्या मेमरीत हात घालतो.

25. तपासणीच्या साधनाने तक्रार केली म्हणून ओळ काढायची, ही सवय लावून घेऊ नकोस — 2006 मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएलमधून अशाच तक्रारीमुळे दोन ओळी गेल्या आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज प्रोसेसच्या क्रमांकापुरतं उरलं, म्हणजे जेमतेम 32,768 शक्यता. मे 2008 मध्ये ते उघड झालं, तोवर जवळपास दोन वर्षं लोक कमकुवत किल्ल्या वापरत होते.

काढल्यावर तपासून बघ

26. बदल निव्वळ साफसफाईचा असेल तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल ‘ऑब्जडंप’ने उघडून ताडून बघ — फरक पडायला नको होता आणि पडला, तर तू साफसफाईपलीकडे काहीतरी केलंयस.

27. ‘ऑलमॉडकॉन्फिग’ने बांध, आणि ज्या पर्यायाच्या ‘इफडेफ’जवळ हात घातलास तो बंद करूनही बांध — तुझ्या मशीनवर जो भाग कंपाइलच होत नाही, तिथली चूक तुला सोडून सगळ्यांना दिसते.

28. क्युइमूमध्ये ई1000 आणि आरटीएल8139 सारखी कार्डं मिळतात, त्यांच्यावर रोज चाचणी कर. पण बॅरिअर किंवा फ्लशचा बदल तिथे ‘पास’ झाला म्हणून खूश होऊ नकोस — नक्कल केलेल्या कार्डात खऱ्या बसवरची दिरंगाई नसते. कार्ड हातात नाही, तर कात्री हातात नको.

29. मॉड्यूल चढव-उतरव, लिंक वर-खाली, एमटीयू बदल, मशीन झोपवून जागं कर, आणि हे सगळं वाहतूक चालू असताना कर — साफसफाईतली चूक सुरळीत चालणाऱ्या वाटेवर दिसत नाही, येण्या-जाण्याच्या दारात दिसते.

30. चुकांच्या वाटा मुद्दाम चालून बघ. मेमरी मिळणं मुद्दाम फसवायला कर्नलमध्ये ‘फेलस्लॅब’ आहे — ‘गोटू’ची लेबलं उलट क्रमाने आवरतात, आणि मधलं एक काढलं की वरच्या सगळ्या उड्या कुठे पडतात ते डोळ्यांनी मोजणं कठीण असतं.

31. कसॅन, लॉकडेप आणि ‘केमेमलीक’ चालू असलेला वेगळा कर्नल बांधून ठेव — सोडलेली मेमरी पुन्हा वापरली तर ती चूक एरवी आठवडाभर गप्प बसते, कसॅन ती त्याच क्षणी सांगतो.

32. एकच सुधारणा शंभर ठिकाणी करायची असेल तर ‘कॉक्सिनेल’चा नियम लिही आणि निघालेली प्रत्येक जागा तरीही वाच — यंत्राला नमुना दिसतो, कारण दिसत नाही. नियम लिहिणारी तू, जबाबदार तूच.

पॅच बांधताना

33. एका पॅचमध्ये एकच विचार ठेव, आणि प्रत्येक पॅच आपापला बांधला गेला पाहिजे — उद्या कुणी ‘बायसेक्ट’ करत तुझ्या मालिकेच्या मध्यावर उतरला तर त्याला चालणारा कर्नल मिळायला हवा.

34. ओळ काढणं आणि ओळींची मांडणी बदलणं एकत्र करू नकोस — रिव्ह्यू करणाऱ्याची नजर मोकळ्या जागांत हरवते आणि खरा बदल न तपासताच निसटतो.

35. कमिटमध्ये ‘जास्तीचा कोड काढला’ एवढ्यावर भागवू नकोस. ही ओळ कोणत्या कमिटमुळे जास्तीची झाली त्याचा हॅश आणि नाव दे — रिव्ह्यू करणाऱ्याचा अर्धा तास वाचतो, आणि जुन्या आवृत्तीवर पॅच नेणाऱ्याला थांबायचं कुठे ते कळतं.

36. खऱ्या कार्डावर चाचणी केली नसेल तर ‘फक्त कंपाइल करून पाहिलं’ असं सरळ लिही — त्यात कमीपणा नाही, आणि ज्याच्याकडे ते कार्ड आहे तो आपणहून पुढे येतो.

37. साफसफाईच्या पॅचला ‘फिक्सेस’ची ओळ लावू नकोस आणि तो ‘नेट-नेक्स्ट’साठीच पाठव — ‘नेट’ ही शाखा दुरुस्त्यांसाठी आहे, आणि ‘फिक्सेस’ पाहून तुझा पॅच स्थिर आवृत्त्यांत ओढला जातो, जिथे त्याची गरजही नाही आणि चाचणीही नाही.

38. नुसत्या ‘चेकपॅच’च्या इशाऱ्यांसाठी, व्हेरिएबलांच्या क्रमासाठी किंवा ‘डेव्हएम’कडे नेण्यासाठी वेगळा पॅच पाठवू नकोस — नेटवर्क विभागाने आपल्या नियमांतच लिहून ठेवलंय की अशा सुट्या बदलांचा फायदा कमी आणि उलथापालथ जास्त. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांना मात्र त्यांची हरकत नाही.

39. म्हणून साफसफाई दुसऱ्या खऱ्या कामाच्या पोटात घाल: आधी जागा स्वच्छ करणारा पॅच, मग त्याच जागी नवी सोय किंवा सुधारणा — काढण्याचं कारण मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

40. नवा कोड लिहिताना ‘गार्ड’सारखी आपोआप कुलूप सोडणारी साधनं जपून वापर — वीस ओळींहून मोठ्या फंक्शनमध्ये ‘गार्ड’ नको असं तिथले नियम सांगतात, आणि साधं लॉक-अनलॉक त्यांना अजून थोडं जास्त आवडतं.

पाठवताना आणि नंतर

41. ‘गेट_मेंटेनर’ चालवून नावं काढ आणि ड्रायव्हर सांभाळणाऱ्याला वगळू नकोस — त्या चिपशी रोजची गाठ त्याची असते. ज्याने लिहिलं त्याला विचार, ज्याने काढलं त्याने निस्तर.

42. एका मालिकेत 15 हून जास्त पॅच नकोत, आणि नवी आवृत्ती 24 तासांच्या आत पाठवू नकोस — दुसऱ्या खंडातला रिव्ह्यू करणारा झोपेतून उठून वाचेपर्यंत पहिलीवरचं त्याचं मत यायचं असतं.

43. मर्ज विंडोच्या दोन आठवड्यांत ‘नेट-नेक्स्ट’ बंद असते, तेव्हा पॅच घरी ठेव — त्या काळात पाठवलेला पॅच परत फिरतो, आणि तुला तो नंतर पुन्हा पाठवावा लागतो.

44. ‘ही ओळ लागते’ असं कुणी म्हणालं तर वाद घालण्याआधी ‘कोणत्या कार्डावर?’ एवढंच विचार — उत्तर मिळालं तर ते कारण टिप्पणी म्हणून त्या ओळीवर लिहिणारा पॅच पाठव. ओळ राहिली तरी पुढच्याचे कष्ट वाचले, ही साफसफाईच आहे.

45. अख्खा ड्रायव्हर काढायचा प्रस्ताव मांडण्याआधी तो कुणी वापरतंय का हे जाहीरपणे विचार आणि उत्तराला पुरेसा वेळ दे — टोकन रिंगचे ड्रायव्हर 2012 मध्ये गेले ते त्यांचा काळ उलटल्यावर. एखादं जुनं कार्ड अजून कुठल्या कारखान्यात काम करत असेल, तर ते वापरणारा माणूस कर्नलची चर्चा रोज वाचत नसतो.

46. पॅच घेतला गेला की पुढच्या आवृत्तीच्या उमेदवारी फेऱ्या संपेपर्यंत मेल रोज उघड — तुझ्या बदलामुळे कुणाचं नेटवर्क बंद पडलं तर पहिला निरोप तिथे येतो. कारण लगेच सापडत नसेल तर ‘आधी मागे घ्या’ असं तूच म्हण. ओळ पुन्हा काढता येते, गेलेला विश्वास आणायला वेळ लागतो.

47. आणि स्वतःचे पॅच पाठवतेस तितकेच दुसऱ्यांचे वाचून त्यांवर मत दे, अनुभव कमी असला तरी — तिथे पॅच पाठवणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे. जी दुसऱ्याचा कोड मन लावून वाचते, तिला स्वतःचा साफ करायला कमी लागतो.